पट्टा : तीन वार

माझा स्वभाव संशयी आहे, हे मला कुणी सांगायला नको. मी कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवते आणि गेली अकरा वर्षं दर उन्हाळ्यात उत्तरपत्रिकांच्या फेरतपासणीला बसते. तिथे बसून बसून माझ्या पर्समध्ये एक भिंग कायमचं राहायला आलं आहे. दोनाचा तीन करायला एक वळसा पुरतो. पेन तेच, शाई तीच, पण नंतर घातलेला वळसा मुळातल्या रेघेपेक्षा जरासा घाबरलेला असतो. मला तो दिसतो. आई म्हणते, तुला भाजीतली अळी आधी दिसते आणि भाजी नंतर.

तर दोन हजार चोवीसच्या उन्हाळ्यात मला असा एक तीन माझ्याच वहीत दिसला.

ही वही म्हणजे आमचे घरचे नियम. दर रविवारी दुपारी तीन ते सहा आम्ही चौघं माझ्या गारखेड्यातल्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलाभोवती बसतो आणि एक गोष्ट खेळतो. मी सूत्रधार. मी सांगते, समोर खिंड आहे, खिंडीत चार भालेकरी उभे आहेत. बाकीच्यांनी एकेक पात्र घेतलेलं असतं. आपलं पात्र काय करतंय ते त्यांनी सांगायचं, आणि जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. खेळाचं मूळ पुस्तक परदेशी. त्यातल्या तलवारी आणि चिलखतं आमच्यातल्या कुणी चित्राबाहेर पाहिलेली नाहीत. म्हणून हत्यारांचे आणि मारामारीचे नियम आम्ही आमचे केले. गोफणीचे दगड मोजायचे नाहीत, कारण मराठवाड्यात पाणी संपेल, दगड संपणार नाहीत. झटापटीत दोघांचा फासा सारखा पडला तर दोघंही जमिनीवर. असे शंभरावर नियम आहेत. नवा हवा असेल तर मांडायचा, तीन हात वर झाले की मी वहीत उतरवते.

पहिला नियम माझा होता. 'हात वर न होता नियम बदलला, तर बदलणाऱ्याची खुर्ची रिकामी.' किती दिवस, ते लिहिलं नव्हतं. मला कायमची म्हणायचं होतं आणि ते सगळ्यांना कळतंच असं मी धरून चालले होते. दहा वर्षांत तो लावायची वेळ आली नव्हती. अभय माझ्याबरोबर कॉलेजात होता, आता शेंद्र्याच्या एका कारखान्यात मालाची तपासणी करतो. निशा त्याची बायको, नर्स. हिमांशू नव्या फ्लॅटांचे पडदे शिवून देतो, आणि शहर ज्या वेगाने बीड बायपासच्या पलीकडे पसरतंय ते पाहता त्याला तिथल्या सातारा परिसरातल्या खिडक्यांनीच म्हातारपणापर्यंत पोसावं. चौघं एकमेकांना पुरते ओळखून.

जानेवारीत पाचवी खुर्ची लागली.

कडुबाकाका म्हणजे अभयचे वडील. देवगाव रंगारीला त्यांच्या वस्तीची विहीर दिवाळीतच तळाला गेली, बैल विकावा लागला, तेव्हा निशाने हट्ट करून सासऱ्यांना शहरात आणलं. दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ते दिवसभर करणार काय? टीव्हीचा त्यांना कंटाळा. खाली उतरलं तर पार्किंगमध्ये कुणी ओळखीचं नाही. अभय म्हणाला, रविवारी घेऊन येतो, बसतील कोपऱ्यात. पहिले दोन रविवार ते खरंच सोफ्यावर बसून होते. तिसऱ्या रविवारी हिमांशूच्या पात्राने कुऱ्हाड चालवली, फासा दोन पडला, वार फसला, आणि मी पुढच्याकडे वळले.

"ताई," मागून आवाज आला, "वार हुकला तर कुऱ्हाड लगीच परत येत नसती. लाकडात नायतर भुईत रुततीय. पुढचा डाव ती उपटण्यात जातो."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मग तीन हात वर झाले, माझाही.

त्या दिवशी निशाने स्वयंपाकघरातून पाचवी खुर्ची ओढून आणली. काकांनी पात्र घेतलं, त्याचं नाव ठेवलं सर्जेराव. ते विकलेल्या बैलाचं नाव होतं हे मला फार नंतर कळलं. त्यानंतर आमच्या वहीचा अर्धाअधिक भाग बदलला. विळ्याने मारत नसतात, ओढून कापत असतात. घामेजल्या हातातून काठी निसटते, म्हणून मारामारीआधी हाताला माती लावली नसेल तर फाशातून एक वजा. सगळं रीतसर, हात वर करून. काकांचा चेहरा दर रविवारी थोडा थोडा उजळत गेला, आणि अभय मला एकदा लिफ्टपाशी म्हणाला, "मनू, गावाकडनं आल्यापासून दादा फक्त रविवारीच पोटभर जेवतात." तो म्हणाला तेव्हा मला बरं वाटलं होतं, हे नोंदवून ठेवते.

पण काकांनी हत्यार निवडलं ते पट्टा. लांब लवचीक पातं, आणि मूठ अशी की कोपरापर्यंत हात तिच्यात जातो. वहीत तो बरीच वर्षं होता, पण कुणी वापरला नव्हता. चौथ्या रविवारी ते वहीतून एकेक ओळ बोटाने वाचत होते. एका ओळीवर बोट थांबलं.

"पट्टा, तीन वार," ते म्हणाले. "ताई, ह्ये कुणी लिव्हलं?"

"मीच," मी दुधाकडे बघत म्हटलं. चहा उतू जात होता.

"म्हंजी तुमास्नी ठावं हाय." त्यांनी माझ्याकडे नव्याच आदराने पाहिलं. "पट्ट्याचा येक वार नसतोच. जातो, फिरतो, येतो. येका दमात तीन. जयंतीच्या मिरवणुकीत चाळीस साल खेळलो मी, आमच्या आखाड्याच्या पोरांना शिकवलं. शहरातल्या माणसाला ह्ये ठावं असंल असं वाटलं नव्हतं."

मी हसले आणि चहा गाळला. कौतुक कुणाला नको असतं?

त्यानंतर सर्जेराव प्रत्येक डावाला तीनदा फासा टाकू लागला. बाकीच्यांचा एकेक वार. फेकायच्या जांबियांना तेवढे दोन. फेब्रुवारीत त्याने खिंड साफ केली. मार्चमध्ये माझे सात घोडेस्वार आडवे केले, जे मी तीन महिने पोसून ठेवले होते. एप्रिलमध्ये गोष्ट काळ्या गढीपर्यंत आली. गढीत एक बारव, अख्ख्या मुलखाचं पाणी त्या बारवेत, आणि गढीवाल्याने तिला कुलूप घातलेलं. गोष्ट मला कशावरून सुचली ते सांगायला नको. नळाला आठ-आठ दिवस पाणी नव्हतं आणि आमच्या फ्रीजवर टँकरच्या वारांचा कागद चिकटवलेला होता. सर्जेरावने दोन रविवारांत बारव सोडवली. मी चार महिन्यांचा बेत केला होता.

सूत्रधाराला हरायचं असतं, ते त्याचं कामच आहे. पण इतक्या लवकर?

मी बघायला लागले. काका फासा हाताने टाकत नसत. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं कडबा कापायच्या यंत्रात गेलेली. फासा चिमटीत बसत नाही म्हणून ते डाव्या हाताने स्टीलची वाटी हलवून टेबलावर पालथी घालत. आईनेच दिली होती ती वाटी, साखरेची. आता मला त्या वाटीचाही संशय येऊ लागला. वाटी पालथी घालून ते क्षणभर थांबतात ते का? उचलताना किंचित तिरपी का करतात? एकदा ते गेल्यावर मी वाटी घेऊन चाळीस वेळा फासा टाकला आणि आकडे लिहून काढले. काहीच निघालं नाही. काही निघालं नाही म्हणून मी शांत व्हायला हवं होतं. उलट मला वाटलं, म्हणजे वाटी नव्हे, दुसरं काहीतरी आहे.

दुसरं काय, तर काका लवकर येत. अभय त्यांना दोन वाजताच सोडून जायचा, मग पिण्याच्या पाण्याचे जार भरायचा आणि निशाला ड्यूटीवरून घेऊन यायचा. तो तासभर आई आणि मी पिंप, बादल्या, हंडे यांच्या मागे असायचो. काकाही हंडे उचलू लागत, आई त्यांना बसवून चहा देत असे, आणि दोघं कन्नड तालुक्याकडच्या ओळखीपाळखी काढत बसत. चहा आमच्याच कपात, वेगळा कप नाही. आमच्या घरात तसलं काही नाही, हे मी कॉलेजपासून अभिमानाने सांगत आले आहे. पण चहा झाला की आई परत मोरीत, मी गॅलरीत, आणि काका टेबलापाशी एकटे. समोर वही.

मेच्या पहिल्या रविवारी सगळे गेल्यावर मी भिंग काढलं.

पट्ट्याच्या ओळीतला तीन मुळात दोन होता. अगदी स्पष्ट. खालची शेपूट आधीची, पोटातला वळसा नंतरचा, आणि तो वळसा घाबरलेला. दोनाचा तीन. खरं सांगते, राग नंतर आला, आधी एक गार समाधान आलं. सापडलं, असं मी स्वयंपाकघरात मोठ्याने म्हणाले.

"काय सापडलं?" आईने विचारलं.

"काही नाही."

मग मी मागचं सगळं जुळवत बसले. ते कौतुक! तुमास्नी ठावं हाय म्हणे. आधी पाठीवर थाप मारायची आणि मग खिशात हात घालायचा. चौथ्या रविवारी त्यांनी ती ओळ मोठ्याने वाचली, आणि बरोब्बर तिसऱ्या रविवारी ते टेबलाशी एकटे होते. आणि मीच म्हणून बसले होते, हो, मीच लिहिलंय! आठवडाभर माझी चिडचिड चालली होती. आईवर खेकसले, दूधवाल्यावर खेकसले. फेरतपासणीत एका पोराचे तीन गुण तीनदा पडताळले आणि ते तीनच होते.

पुढच्या रविवारी चार वाजता काळ्या गढीचा गढीवाला बारव परत घ्यायला आला. उन्हं पडद्यांतून टेबलावर आली होती. पंखा गरगरत होता. सर्जेराव बारवेच्या पायरीवर एकटा उभा, निशाचं पात्र जखमी, अभयचं आणि हिमांशूचं लांब वेशीपाशी. काकांनी वाटी उचलली.

"येक," ते म्हणाले. सोळा पडले. लागला.

"दोन." अकरा. निसटता लागला.

"तीन," म्हणून त्यांनी वाटी पालथी घातली, आणि मी तिच्यावर पंजा ठेवला.

"तिसरा वार नाही," मी म्हटलं.

"का नाही?" अभय हसत होता. त्याला वाटलं गोष्टीत काहीतरी झालं.

मी वही उघडली, भिंग त्या ओळीवर ठेवलं आणि वही त्याच्याकडे सरकवली. "हा दोन होता. कुणीतरी त्याचा तीन केलाय. हात वर झालेले मला आठवत नाहीत. तुला आठवतात?"

अभयने भिंगातून पाहिलं, त्याला तपासणीची सवय आहे, त्याला वळसा दिसला. त्याचं हसणं गेलं.

"काका," मी म्हटलं, आणि आवाज शिक्षिकेचा निघाला, वर्गातला, "तुम्ही दर रविवारी दोन वाजता येता. वही इथेच असते. पहिला नियम तुम्हाला वाचून दाखवलाय मी."

काकांनी वाटीवरचा हात काढून घेतला. माझ्याकडे पाहिलं नाही, वहीकडे पाहिलं. मग आपला उजवा हात टेबलावर ठेवला, तीन बोटांचा, आणि म्हणाले, "ताई, ह्या हातानं मी सहीसुदिक करत नाय. आंगठा देतो."

"मग डाव्या हाताने."

हे मी म्हणाले. ते तोंडातून निघालं आणि मला ते ऐकूही आलं, तरी मी थांबले नाही. "नाहीतर तुमच्यासाठी दुसऱ्या कुणी," असं म्हणून मी अभयकडेही पाहिलं.

निशाने खुर्ची मागे सारली. "चला दादा," एवढंच ती म्हणाली. काका उठले. जाताना त्यांनी साखरेची वाटी उचलून स्वयंपाकघरात नेली, विसळली, आईच्या हातात दिली. "येतो यमुनाबाई," म्हणाले. अभय दारात थांबला, चप्पल घातली, काढली, परत घातली. "दहा वर्षं, मनू," तो म्हणाला, आणि जिना उतरून गेला. लिफ्ट बंद होती.

पालथ्या वाटीखाली फासा किती पडला होता, ते कुणी पाहिलंच नाही. वाटी उचलली तेव्हा तो घरंगळला.

हिमांशू तसाच बसून राहिला. त्याला भांडणं झेपत नाहीत. मग तो म्हणाला, "जुनी वही कुठंय गं?"

"कशाला?"

"ही तर तू डिसेंबरात नव्याने उतरवलीस ना? जुनी पावसात भिजली म्हणून. तिच्यात बघू की दोन आहे का."

हे मला सुचलं नव्हतं. मला! दुसऱ्यांच्या आकड्यांना भिंग लावणारीला मूळ प्रत बघायचं सुचलं नाही. मी स्टुलावर चढून माळ्यावरून वही काढली. पानं फुगून एकमेकांना चिकटली होती. हत्यारांचं पान सोडवायला हिमांशूने त्याची कापडाची कात्री वापरली. कुऱ्हाड, एक वार, इजा आठ. विळा, एक वार, इजा चार. ते माझं अक्षर. मग शेवटी, उतरत्या ओळीत, हिमांशूचं गबाळं अक्षर: 'पट्टा: लांब ३ वार. इजा सहा.' आणि त्याच्या खाली परत माझं: 'फेकायचे जांबिये, दोन वार.'

"बघ, तीनच आहे," मी म्हटलं. पण माझा आवाज खाली आला होता.

"तीनच. मीच लिहिलं ते. पात्याची लांबी. हातासकट तीन वार धरली होती."

"तीन वार म्हणजे?"

"वार म्हणजे वार," हिमांशू म्हणाला, आणि त्याने दोन्ही हात पसरून हवेत पडदा मोजला. "कापडाचा. नऊवारी साडीतला. तीन फूट म्हणजे एक वार. माझ्याकडे अजून निम्मी गिऱ्हाइकं वारात बोलतात. मारायचा वार इतरांसारखा एकच, म्हणून तो लिहिला नाही."

मी खाली बसले. नवी वही उतरवताना मी रकाने आखले होते, मला रकान्यांची हौस. हत्यार, वार, इजा. 'लांब' हा शब्द मला वर्णन वाटला, पट्टा लांब असतो हे का सांगावं लागतं? म्हणून मी तो गाळला. आणि आकडा लिहिताना डोळा एक ओळ घसरला, जांबियांचा दोन पट्ट्यासमोर पडला, तेवढ्यात टँकर आला म्हणून आईने हाक मारली, आणि मी घाईत दोनाचा तीन करून उठले. मी. तो घाबरलेला वळसा माझा होता. मला त्या दुपारचा हंडासुद्धा आठवला, पोचा आलेला.

"म्हणजे नियम तूच बदललास," हिमांशू म्हणाला. त्याला टोमणा मारायचा नव्हता, तो नुसता हिशेब लावत होता. "लांबीचा मार झाला. आणि हात काही वर झाले नव्हते."

"चूक झाली ती."

"हो ना. चूकच." तो कात्री पिशवीत घालत होता. "मागच्या दिवाळीत माझा फासा सोफ्याखाली गेला होता, आठवतंय? मी वाकून अठरा सांगितले. खरं तर आठ होते. तू हसलीस आणि म्हणालीस, चल, सोफा तुझ्या बाजूने आहे."

मला त्याचा भयंकर राग आला. दहा वर्षांत त्याने एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली, ती नेमकी आज. मी त्याला जवळजवळ हाकललंच.

रात्रभर तळमळले वगैरे काही नाही, झोप लागली. सकाळी उठले तेव्हा साखरेची वाटी आईने फडताळात न ठेवता टेबलावर ठेवली होती, माझ्या ताटासमोर.

सोमवार हा अभयच्या सोसायटीचा टँकरचा वार. मी दोन्ही वह्या घेऊन स्कूटरवरून पोहोचले तेव्हा काका पार्किंगमध्ये टाकीच्या तोंडाशी पाइप धरून उभे होते. अभय कामावर गेला होता. निशा वरून गॅलरीतून बघत होती, तिने मला ये म्हटलं नाही. मीही वर पाहायचं टाळलं.

"काका," मी म्हटलं, "तुमची काही चूक नाही. वही मी बदलली. मलाच माहीत नव्हतं."

मी जुनी वही दाखवली, नवी दाखवली. लांब हा शब्द, तीन हा आकडा, हिमांशूचा पडदा, टँकर, सगळं सांगितलं. भडाभडा बोलले. माफी मागते, असं दोनदा म्हणाले. पाणी धो धो टाकीत पडत होतं म्हणून ओरडून म्हणावं लागत होतं, आणि माफी ओरडून मागितली की भांडणासारखी वाटते. काका ऐकत होते. माझी कल्पना होती की सुटल्यासारखं त्यांना वाटेल. त्यांचा चेहरा मात्र उतरत गेला.

"म्हंजी कापडाचा वार," ते म्हणाले.

"हो."

"पट्ट्याचा नाय."

"नाही."

"मंग तुमास्नी ठावं नव्हतं. कुणालाच नव्हतं." त्यांनी पाइप सरळ केला. "मी घरी निशाला म्हनायचो, त्या बाईच्या वहीत पट्टा बराबर लिव्हलाय. त्या टेबलावर आपलं कायतरी हाय."

आरोप केला तेव्हा त्यांच्या तोंडावर जे आलं नव्हतं, ते आता मी खरं सांगितल्यावर आलं होतं. खोटं बोलले असते तर? पण मग ती वही कसली.

टँकर रिकामा झाला. पाण्याचा आवाज थांबला, आणि आता हळू बोललेलंही ऐकू येणार होतं. काकांनी पाइप गुंडाळला, सावकाश, कोपर आणि पंज्यात पीळ घेत.

"नियम तर नियम," ते म्हणाले. "हात वर झालं ते येका वाराला. मंग सर्जेरावनं जे जास्तीच्या वारानं जिकलं ते खोटं. ती बारव गढीवाल्याला परत द्या."

"काका, असं नको."

"द्यायचीच. पुन्यांदा घिऊ. येका वारानं घिऊ." मग त्यांनी पाइप खाली ठेवला आणि पहिल्यांदा सरळ माझ्याकडे पाहिलं. "येक इचारू का, ताई? त्ये भिंग. त्या वहीत आनखी कुनाच्या वळीला लावलं व्हतं?"

हिमांशूचं अक्षर त्या जुन्या वहीभर होतं. त्याचा सोफ्याखालचा फासा मला माहीत होता. माझे स्वतःचे रकाने होते. दहा वर्षं मी त्या टेबलाशी बसले आणि भिंग पर्समध्ये होतं.

"नाही," मी म्हटलं. "कुणाच्याच नाही. फक्त तुमच्या."

"हं," काका म्हणाले.

त्यांना आश्चर्य वाटलं नाही. मला सगळ्यात जास्त लागलं ते हेच. मला लाज वाटली, तोंडावर आपटल्यासारखी. आमच्या घरात तसलं काही नाही हे वाक्य माझ्या डोक्यात आलं आणि मला ते तिथल्या तिथे परत घ्यावंसं वाटलं. मी तिथेच टाकीच्या कठड्यावर बसले.

"ह्ये लिव्हा मंग वहीत," ते म्हणाले. "भिंग लावायचं तर समद्यांच्या वळीला. नायतर पर्समदीच ऱ्हाऊ द्यायचं."

"त्याला तीन हात लागतील," मी म्हटलं.

काकांनी तीन बोटांचा हात वर केला. मी केला. वर गॅलरीत निशा सगळं ऐकत होती. पाण्याचा आवाज थांबल्यापासून ती कठड्यावर रेलली होती. मग तिने कपड्यांचे चिमटे दुसऱ्या हातात घेतले आणि मोकळा हात वर केला, पण माझ्याकडे न बघता.

मी मांडीवर वही घेऊन नियम उतरवला. एकही रकाना न आखता, एकही शब्द न गाळता. मग वहीचं पहिलं पान उघडलं आणि पहिला नियम समोर आला. मी तो मोठ्याने वाचला. 'हात वर न होता नियम बदलला, तर बदलणाऱ्याची खुर्ची रिकामी.' बदलणारी मी होते.

"किती दिस, त्ये लिव्हल्यालं नाय," काका म्हणाले.

"मला कायमची म्हणायचं होतं."

"म्हनायचं व्हतं त्ये धरत नसत्यात. लिव्हलं त्ये धरत्यात." ते विचार करत होते, टेबलाशी वाटी हातात घेऊन करायचे तसा. मग त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं. मला वाटतं ते हसू असावं, पण खात्रीने सांगत नाही. "तीन वार बसा भायेर."

"तीन वार?"

"आयतवार," काका म्हणाले. "तीन आयतवार. गोष्ट निशा सांगंल."

आज दुसरा रविवार आहे. माझ्याच घरात त्या चौघांसाठी टेबल मांडलं आहे, माझी खुर्ची रिकामी आहे, आणि मी स्वयंपाकघरात पिंपाशेजारी स्टुलावर बसून हे लिहिते आहे. मधलं दार निशाने लावून घेतलं. गढीवाल्याकडून बारव अजून सुटलेली नाही, एवढं आवाजावरून कळतं. साखरेची वाटी पालथी पडते, क्षणभर कुणी बोलत नाही, मग काका आकडा सांगतात. मी तो आकडा बघू शकत नाही. भिंग पर्समध्ये आहे आणि पर्स बाहेर, सोफ्यावर. आत्ताच त्यांनी "येक" म्हटलं आणि सात सांगितले. सातला वार फसतो. ते जे म्हणाले ते मी धरलं, आणि चहाचं आधण ठेवलं.